मदत हवी आहे : दुःखातही ईश्वराची स्तुती करण्यामागचा ज्यू विचार

मृत्यूची वार्ता कळताच ज्यू परंपरेत ईश्वराला ‘सत्य न्यायाधीश’ म्हणून वंदन करतात, आणि चांगल्याप्रमाणेच वाईटासाठीही त्याची स्तुती करावी, असे मिश्ना या प्राचीन ज्यू धर्मनियमांच्या संग्रहातील बेराखोत या भागाचा नववा अध्याय सांगतो. वडील गेल्यापासून मी यावर वाचत आहे; पण ही स्तुती म्हणजे मुकाट स्वीकार की श्रद्धेने मांडलेले भांडण, हे मला उलगडत नाही. वॉर्सात आणि पुढे तिथल्या घेट्टोत (नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत) १९३९ ते १९४२ या काळात प्रवचने करणारे ज्यू धर्मगुरू रब्बी कालोनिमुस शापिरा तर ईश्वर स्वतःच आतल्या दालनात रडतो, असे सांगत (न्यायाधीशच रडतो, ही कल्पना मला फार भिडली). बायबलमधील दुःखाने पोळलेल्या सज्जन ईयोबाने तर ईश्वराकडे उघड तक्रारच केली होती. या भूमिकांची सांगड कशी घालतात, हे महाराष्ट्रातील ज्यूंच्या बेने इस्राएल समाजातील किंवा अन्य जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.