१२ वर्षं जुनी बीएमडब्ल्यू ५२०डी साडेनऊ लाखांत, घ्यावी का? (फोंडा)

फोंड्याचा_पाऊस:
नमस्कार मंडळी. मी फोंड्याला राहतो, नोकरी वेर्ण्याला, म्हणजे रोजचे येऊन जाऊन पन्नासेक किमी होतात. सध्या जुनी स्विफ्ट आहे, ती आता काढायची आहे. पर्वरीला एका सेकंडहँड डीलरकडे २०१३ ची बीएमडब्ल्यू ५२०डी बघितली, दिल्ली पासिंग, ८१ हजार किमी, दुसरा मालक, मागतोय साडेनऊ, घासाघीस केली तर नऊला देईल असं वाटतं. एक राउंड मारून आलो आणि खरं सांगतो तेव्हापासून डोक्यातून जात नाही, नव्वदच्या स्पीडला आत बसून आवाजच येत नाही, आणि सीट तर काय सांगू. तेवढ्याच पैशात नवी घ्यायची तर छोट्या एसयूव्हीचं खालचं मॉडेल मिळतं. बाबा म्हणतात नवीच घे, मित्र म्हणतात अशी गाडी आयुष्यात एकदा तरी वापरावी. हातात सात लाख आहेत, चार लाखांचं लोन काढायची तयारी आहे, त्याच्यावर नाही. डीलर म्हणतो मेंटेनन्स वर्षाला ४०-५० हजार, सगळी सर्व्हिस शोरूमला झालीय पण बुक मालकाकडून हरवलं. नेमका धोका कशात असतो? "घेऊ नको" एवढंच सांगू नका प्लीज, कारण सांगा.

डिझेलदादा:
भावा, गाडी वाईट नाही, एफ-१० बॉडी (या पिढीच्या ५ सिरीजचं कंपनीतलं नाव) अजूनही रस्त्यावर उठून दिसते. पण एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसव. साडेनऊ लाख ही गाडीची किंमत झाली, पार्टची नाही. पार्ट अजूनही चाळीस-पंचेचाळीस लाखांच्या गाडीचेच आहेत, गाडी स्वस्त झाली म्हणून हेडलाइट किंवा इंजेक्टर स्वस्त होत नाही. आणि बारा वर्षं म्हणजे रबर, प्लास्टिक, बुश, पाइप, बॅटरी सगळ्यांचं वय एकदमच भरतं, किमी कितीही कमी असू देत. पहिला मालक वॉरंटीत चालवतो, दुसरा रेटतो, मोठी कामं दारात येऊन उभी राहिली की गाडी डीलरकडे येते. तू तिसरा.

आता याच गाडीचं बोलू. इंजिनचं कंपनीतलं नाव एन-४७. याची टायमिंग चेन (व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर करणारी साखळी) इंजिनच्या पुढे नसून मागे आहे, गिअरबॉक्सच्या बाजूला. २०११ पर्यंतच्या इंजिनांत चेनचा त्रास जास्त होता, २०१३ ची त्या मानाने बरी, पण बारा वर्षांत ऑइल वेळेवर बदललं की नाही ते तुला माहीत नाही, कारण बुकच नाही. चेन बदलायची तर गिअरबॉक्स नाहीतर अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं, म्हणजे चेनची किंमत राहते बाजूला आणि मजुरीच माणसाला मारते, बिल लाखाच्या पुढेच धर. हे तपासायला पैसे लागत नाहीत. सकाळी न सांगता जा, बॉनेटवर हात ठेव, गरम लागलं तर समज आधीच सुरू करून ठेवली होती, मग दुसऱ्या दिवशी ये. थंड इंजिन सुरू करून बॉनेटच्या मागच्या बाजूला, काचेजवळ कान दे, दीड-दोन हजार आरपीएमला पत्रा घासल्यासारखी खरखर आली तर तिथूनच मागे फीर.

दुसरं ईजीआर कूलर, म्हणजे इंजिनात परत सोडायचा धूर आधी थंड करणारा भाग. २०१८ मध्ये दक्षिण कोरियात ५२०डी गाड्यांना आगी लागत होत्या ते बातम्यांत आलं होतं, कूलरमधून कूलंट गळून काजळीबरोबर साचायचं आणि गरम झालं की पेटायचं. तिथे लाखाच्या वर गाड्या परत बोलावल्या. चेसिस नंबर घेऊन शोरूमला विचार या गाडीवर कुठलं रिकॉल बाकी आहे का, झालं असेल तर कधी झालं. त्याच फोनमध्ये सर्व्हिस हिस्टरीही विचार. बुक हरवलं तरी शोरूमच्या कॉम्प्युटरमधून नोंद हरवत नाही, डीलर खरं बोलत असेल तर ती तिथे दिसलीच पाहिजे.

गिअरबॉक्स झेडएफ या जर्मन कंपनीचा आठ स्पीडचा, तो फार उत्तम. पण बीएमडब्ल्यू म्हणते ऑइल लाइफटाइम, म्हणजे बदलायची गरज नाही, आणि झेडएफ स्वतः म्हणते ८० हजार ते १ लाख २० हजार किमीच्या दरम्यान बदला. फिल्टर प्लास्टिकच्या पॅनमध्येच बसवलेला असतो त्यामुळे पॅनसकट बदलावा लागतो. ८१ हजारला हा खर्च नेमका तुझ्याच वाट्याला येतोय. टायर रन-फ्लॅट (पंक्चर झाल्यावरही थोडं अंतर चालणारे) असतील, डिकीत स्टेपनी नाही, चारही एकदम संपले तर एका महिन्याचा पगार गेला म्हणून समज.

केरीची_वाट:
दिल्ली पासिंग का स्वस्त येतात ते पण बघ. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर तिकडे बंदी घालणारा एनजीटीचा (राष्ट्रीय हरित लवादाचा) २०१५ चा आदेश, २०१८ ला सुप्रीम कोर्टाने तो उचलून धरला, म्हणून गेली कित्येक वर्षं तिकडच्या डिझेल गाड्या इतर राज्यांत पाठवतात. गाडी खराबच असते असं नाही. पण पैसे देण्याआधी तिकडच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) हातात बघ, ती गोव्यातल्या आरटीओच्या नावाने आहे का बघ, परिवाहन या सरकारी वेबसाइटवर नंबर टाकून चलन आणि बँकेचा बोजा बघ. "एनओसी येतेय" म्हणाला तर ती येईपर्यंत एक रुपया देऊ नको. आणि इकडे पासिंग करायचा टॅक्स फोंड्याच्या आरटीओत स्वतः जाऊन विचार, डीलरच्या तोंडचा आकडा धरू नको. २०२८ ला गाडीला पंधरा वर्षं होतात, मग फिटनेस करून पाच-पाच वर्षांनी रिन्यू. म्हणजे नऊ लाख देऊन फिटनेसच्या कटकटीशिवाय तुझ्या हातात दोन-तीन वर्षंच उरतात.

माडाची_सावली:
कोणी पावसाबद्दल बोललंच नाही म्हणून लिहिते. माझ्या मावसभावाकडे डिचोलीला अशीच जुनी जर्मन सेदान होती, ब्रँड सांगत नाही. घरासमोर फणसाचं झाड, गाडी त्याच्याखाली. सनरूफच्या कोपऱ्यात पाणी जायला बारीक भोकं असतात, ती पानांच्या चिखलाने तुंबली, पाणी आतल्या आत खांबातून उतरून डिकीत साचलं. या गाड्यांची बॅटरी बऱ्याचदा डिकीत असते आणि तिच्या बाजूलाच कंट्रोलचे डबे. जुलैत आधी रेडिओ गेला, मग रिव्हर्स सेन्सर, मग एअरबॅगचा दिवा कधी लागायचा कधी नाही. एका गॅरेजवाल्याने सेन्सर बदलून पैसे घेतले, दुसऱ्याने बॅटरी बदलली, पण डिकीचं कारपेट कोणी उचललं नाही. शेवटी म्हापशाच्या एका इलेक्ट्रिशियनने उचललं तर खाली चार बोटं पाणी, कनेक्टरवर हिरवी पूड आणि बोट लावलं तर पिन तुटून हातात आली. चवथीपर्यंत गाडी तशीच उभी होती. त्याने खूप हौसेने घेतली होती हो, वहिनीला अजून त्या गाडीचा विषय काढलेला चालत नाही.

म्हणून डिकीचं कारपेट स्वतः उचलून बघा, सनरूफ उघडून कोपऱ्यात ग्लासभर पाणी ओता आणि ते चाकांजवळ खाली पडतंय का बघा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, टोकाला मातीचा डाग दिसला तर गाडी पुरातली. २०२३ च्या जुलैत यमुनेचं पाणी दिल्लीत शिरलं होतं, तुमची गाडी तिकडचीच आहे ना. सीटखालच्या रेल आणि बोल्टवरचा गंज पण बघा, तो कितीही पॉलिश केली तरी लपत नाही.

ई२५०_म्हापसा:
सगळे घाबरवतायत म्हणून दुसरी बाजू सांगतो. माझ्याकडे २०१२ ची ई-क्लास आहे, सेकंडहँड घेतली, आजही चोर्ला घाटातून बेळगावला जाताना जो आराम मिळतो तो नव्या छोट्या एसयूव्हीत मिळणार नाही आणि मजबुतीचं तर विचारूच नका. पण मी ती घेतली तेव्हा पहिला मालक ओळखीचा होता, प्रत्येक बिल फाईलला होतं, आणि गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे पैसे वेगळे काढून ठेवले होते. ते पहिल्याच वर्षात लागले, इंजेक्टर आणि सस्पेन्शनला. माझ्या घरी रोजच्याला वॅगनआर आहे, मर्सिडीज आठवडाभर गॅरेजला राहिली तरी काम अडत नाही. तुमची ही एकच गाडी असणार आणि रोज वेर्ण्याला वेळेत पोचायचंय, हा माझ्या मते खरा प्रश्न. पार्ट मुंबई-बंगळूरहून यायला वेळ लागतो, तोपर्यंत काय कराल?

इन्शुरन्सचंही बघा. एवढ्या जुन्या गाडीला झिरो डेप (पार्टच्या किमतीत कपात न करणारं कव्हर) सहसा मिळत नाही. साध्या पॉलिसीत दहा वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या पार्टला ५० टक्के कपात, प्लास्टिक-रबरला पण ५० टक्के. पुढचा बंपर आणि हेडलाइट गेली तर अर्ध्याच्या आसपास बिल तुमच्याच खिशातून. रस्त्यावरच्या पाण्यात घालून इंजिन लॉक झालं तर ते वेगळं कव्हर घेतल्याशिवाय मिळत नाही.

फोंड्याचा_पाऊस:
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. शोरूमला फोन केला, चेसिस नंबरवरून शेवटची नोंद २०१९ ची दाखवतात, ७४ हजार किमीला. त्यानंतर काहीच नाही. म्हणजे पुढच्या सगळ्या वर्षांत फक्त ७ हजार? डीलरला गाडीचा कॉम्प्युटर स्कॅन करायला गाडी बाहेर नेऊ का विचारलं तर म्हणाला बाहेर देत नाही, आमच्याच माणसाकडून करून रिपोर्ट देतो.

डिझेलदादा:
बघ, २०१९ नंतर गाडी एकतर उभी होती नाहीतर मीटर मागे घेतलंय, दोन्ही तुझ्यासाठी वाईट. उभी राहिली असेल तर सील, टायर, डिझेलची टाकी, सगळं संशयात. मीटर फिरवलं असेल तर किमीचा आकडा किल्लीत आणि इतर मॉड्यूलमध्येही साठवलेला असतो, चांगल्या स्कॅनरवर फरक दिसतो, म्हणूनच कदाचित बाहेर देत नाहीये. त्याच्या माणसाचा रिपोर्ट घेऊन काय करणार? तुझ्या ओळखीच्या मेकॅनिकला त्याच्याच आवारात स्कॅनर घेऊन ये म्हण, बाहेर न्यायची गरजच नाही. त्यालाही नाही म्हणाला तर विषय संपला. टोकन दिलं नाहीस ना?

फोंड्याचा_पाऊस:
नाही दिलं. शनिवारी सकाळी मेकॅनिकला घेऊन जातोय, त्याला बॉनेटवर हात ठेवायचंही सांगितलंय.

ई२५०_म्हापसा:
बाबांनाही घेऊन जा सोबत. आणि ही नाही जमली तर घाई करू नका, याच वर्गातली इथलीच जीए पासिंगची, एका मालकाची, बिलांसकट कधीतरी येते. थोडी महाग असते, तेवढे पैसे देऊन टाका.