बायपासनंतर लघवीची गोळी थांबवू की वाढवू? लवकर सांगा

वैतागलेला_मुलगा: बाबांना गेल्या आठवड्यात बायपास करून घरी आणलं. लघवीची गोळी चालू आहे. रात्रभर उठतात, उठले की चक्कर, तोंडाला कोरड. पण सूज तशीच! सर्जन फोन उचलत नाहीत. 'डॉक्टरांना विचारा' सोडून बोला.

पेठकर: कुठली गोळी? किती मिलिग्रॅम? वय?

वैतागलेला_मुलगा: लघवीची म्हटलं ना. पांढरी, छोटी. वय ६७.

पेठकर: पांढऱ्या तर सगळ्याच असतात. पाकीट उलटं करून वाचा.

सुगरण_काकू: आमच्या ह्यांना रोज नारळपाणी दिलं. पोटॅशियम भरून निघतं.

पेठकर: काकू, थांबा. गोळीत स्पायरोनोलॅक्टोन असेल तर ती पोटॅशियम धरून ठेवते. वर नारळपाणी म्हणजे धोकाच.

निसर्गप्रेमी: पुनर्नव्याचा काढा द्या. केमिकल नकोच.

पेठकर: पुनर्नवाही लघवी वाढवणाराच आहे हो! चक्कर येणाऱ्याला आणखी एक?

कोल्हापुरी७: कॅशलेस मिळालं का? आमचं अर्धं बिल कापलं.

निवृत्त_सिस्टर: हार्ट-लंग मशीनवर अंगात पाणी साठतं, ते काढायला ही गोळी. जास्त निघालं की बीपी पडतं, क्रिएटिनिन, म्हणजे किडनीवरचा ताण दाखवणारा रक्तातला आकडा, चढतो. पोटॅशियम उतरलं तर ठोके बिघडतात, आणि बायपासनंतर ते तसेही बिघडू शकतात. सूज एका पायाला की दोन्ही? ऑपरेशनआधीचं वजन आणि आजचं?

वैतागलेला_मुलगा: एकाच, टाक्यांच्या पायाला. वजन ६८ होतं, आज ६४. फ्युरोसेमाइड ४०, चिठ्ठीवर १-०-१.

निवृत्त_सिस्टर: मग हे आधी सांगायचं! बायपाससाठी शीर काढलेला पाय सुजतो, ती सूज गोळीने फारशी हलत नाही. बसताना पाय उंच ठेवा. पोटरी लाल, गरम, दुखरी असेल तर मात्र रक्ताच्या गाठीची शंका, आजच दाखवा. वजन घटलंय नि चक्कर येतेय, म्हणजे पाणी जास्त निघालं असावं. तरी मनाने बंद करू नका. हृदयाचं पंपिंग कमी असेल तर छातीत पाणी भरेल. हॉस्पिटलला फोन लावून ड्युटी डॉक्टर मागा. बसून आणि उभं राहून बीपी, सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन आजच. दम लागला, ठोके अनियमित वाटले, भोवळ येऊन पडले तर थेट कॅज्युअल्टी.

पेठकर: दुखण्यावर आयब्युप्रोफेन देताय का? ह्या गोळीबरोबर किडनीला वाईट.

निसर्गप्रेमी: म्हणूनच काढा म्हणत होतो.

वैतागलेला_मुलगा: ड्युटी डॉक्टर मिळाले. रात्रीची गोळी आज देऊ नका, रक्त तपासा आणि उद्या रिपोर्ट घेऊन या म्हणाले. लॅबवाला येतोय. कोल्हापुरी, कॅशलेसचं खासगी निरोपात सांगतो.