मदत हवी आहे: ताईच्या रिपोर्टमध्ये लॅम्प-२ चा बदल, एमई/सीएफएसशी संबंध असेल का?

नमस्कार मंडळी,

ताईला (वय ३४) कोविडनंतर एमई/सीएफएसचं (थोड्या श्रमानंतरही प्रकृती ढासळणारा, प्रचंड थकव्याचा दीर्घ आजार) निदान झालंय. रविवारी केस धुतले तर त्या दिवशी बरी असते. सोमवारी मात्र घास तोंडापर्यंत नेववत नाही, पडदे ओढून पडून राहते. एका डॉक्टरांनी 'रोज चालणं वाढवा' सांगितलं, त्यानंतर ती पार अंथरुणालाच खिळली. (ब्रिटनच्या नाइस संस्थेने व्यायाम वाढवत नेण्याचा सल्ला २०२१ मध्येच मागे घेतलाय. कुणाच्या घरी असा पेशंट असेल तर हे डॉक्टरांना जरूर दाखवा.)

स्नायूंचा दुसरा आजार नाही ना, म्हणून जनुक चाचणी केली. लॅम्प-२ या जनुकात एक बदल निघाला, शेरा 'व्हीयूएस': घातक की निरुपद्रवी, ठरलेलं नाही.

त्यातून बनणारं लॅम्प-२ हे लायसोसोमच्या (पेशीतला कचरा मोडणारी पिशवी) आवरणातलं प्रथिन. पेशीतला निकामी माल लायसोसोममध्ये पोचून मोडला जायला ते लागतं. ते नसलं तर डॅनन रोग होतो, त्यात हृदयाचा स्नायू बिघडतो. जनुक एक्स गुणसूत्रावर, त्यामुळे पुरुषांना लहान वयात आणि जोरात होतो. बायकांना उशिरा, बहुतेक हृदयापुरता. बायकांचं सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) नॉर्मल असू शकतं, म्हणून ताईचं नॉर्मल आलं तरी माझा जीव टांगणीलाच आहे. एमई/सीएफएसचं निदान लक्षणांवरूनच होतं, ते या बदलावर ढकलायची मला घाई नाही. पण हृदयाचं काही सुटायला नको.

बाबा ६६ वर्षांचे, रोज सकाळी पर्वती चढतात. बदल त्यांच्याकडून आला असेल तर त्यांच्याकडे एकच एक्स, तरी ते ठणठणीत. मग तो निरुपद्रवी असण्याची शक्यता खूपच वाढते ना? आणि आईकडून आला असेल तर माझी आणि मामाची तपासणी करावी का?

ईसीजी आणि टूडी इको कोविडच्या आधीचे आहेत. ते पुन्हा करून भागेल, की हृदयाचा एमआरआयही लागेल?

पुण्या-मुंबईकडचे, व्हिडिओवर बोलणारे जेनेटिक काउन्सेलर कुणाला माहीत असतील तर कृपया सांगा. ताईला रिक्षाचा प्रवासही झेपत नाही. आई-बाबा रक्त द्यायला उद्याही तयार आहेत.