बायपॅप चालू असताना व्हेंटिलेटरसाठी सही का मागतात?

प्रश्न (डिचोली):
माझ्या वडिलांना बरीच वर्षे सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन दम लागण्याचा फुफ्फुसांचा जुनाट आजार, आहे. परवा दम वाढल्याने त्यांना इस्पितळात दाखल करावे लागले. बायपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारे यंत्र, लावले आहे. त्याच्या घट्ट मास्कमुळे नाकावर लाल वळ उठला असून ते मास्क सारखा ओढतात. रक्तातला ऑक्सिजन मुद्दाम ९० टक्क्यांच्या आसपास ठेवल्याचे सांगतात. आज घशात नळी घालून व्हेंटिलेटरवर ठेवण्याच्या संमतिपत्रावर सही मागितली. डॉक्टरांनी आशा सोडली, असे समजावे काय?

उत्तर (फोंडा):
तसे मुळीच समजू नये. मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. या आजारात फुफ्फुसांतला कार्बन डायऑक्साइड पुरेसा बाहेर पडत नाही. बायपॅप श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देऊन थकलेल्या स्नायूंचा भार हलका करते. ऑक्सिजन गरजेपेक्षा जास्त दिला तर हा कार्बन डायऑक्साइड आणखी साचू शकतो, म्हणून ऑक्सिजन साधारण ८८ ते ९२ टक्क्यांवर राखतात. आपण धमनीतील रक्ताच्या तपासणीतला, म्हणजे एबीजीतला, पीएच विचारा. तो ७.३५ च्या खाली असेल तर या आजारात कार्बन डायऑक्साइड साचून रक्तात आम्ल वाढलेले असते. बायपॅप लावल्यावर तासा-दोन तासांनी तो वर सरकू लागला, तर यंत्राचा उपयोग होत आहे. तो घसरत राहिला, रुग्णाला गुंगी आली किंवा कफ काढता येईना, तर नळी घालण्यास उशीर करणे धोक्याचे असते, आणि अशा वेळी नातेवाइकांना शोधत बसायला सवड नसते. सही आधी घेतात ती यासाठी. वळ उठला आहे तिथे मऊ पट्टी लावण्यास सिस्टरना सांगा. पाणी मात्र त्यांना विचारल्याशिवाय पाजू नका, ठसका लागेल.

उत्तर (पेडणे):
माझी आई न्यूमोनियामुळे नऊ दिवस नळीवर होती. तेव्हा बोलता येत नाही, हे वडिलांना आधीच समजावून ठेवा. गुंगीचे औषध कमी केल्यावर आईने थरथरत्या हाताने पाटीवर लिहिले, ‘तुळशीला पाणी’. नळी काढण्याआधी तिला रोज थोडा वेळ स्वतःच्या श्वासावर ठेवून पाहत. सीओपीडीत याला अधिक दिवस लागू शकतात, म्हणून वडील शुद्धीवर आहेत तोवर त्यांची स्वतःची इच्छाही विचारून घ्या.

प्रश्नकर्ता:
आपणा दोघांचे मनापासून आभार. सकाळी ७.२४ असलेला पीएच संध्याकाळी ७.३१ झाला आहे. वडिलांशी बोललो, गरज पडल्यास नळी घालावी, असे त्यांनी मान हलवून सांगितले, आणि मी सही केली.