रिव्ह्यूअर भेटत नाहीत, जर्नल चालवावं कसं?

दर्यापूरचा मास्तर: आम्ही चौघं एज्युकेशन टेक्नॉलॉजीवर मराठी जर्नल काढून राहिलो. ओजेएस (जर्नल चालवाचं सॉफ्टवेअर) बसवलं, फुकटच आहे ते, पण सात पेपर येऊन पडले अन् रिव्ह्यूअर, म्हंजे पेपर तपासणारे, उत्तरच देत नाहीत, त्यात लाइन गेली का माह्यंबी काम अडते. काय करावं?

कपाशीवाला: भाऊ, दोन पाहिजे तं पाच जणायले विचारा, तीन आठवड्याची तारीख पहिल्याच मेलमधी टाका. अन् रिव्ह्यूअरले लेखक कोण ते कळू नये म्हणून फाइलमधून लेखकाचं नाव काढलं का? वर्डच्या प्रॉपर्टीजमधीबी राहते ते, मी फसलो एकदा.

तुरीचं वरण: यूजीसीच्या मान्य जर्नलच्या केअर यादीत आहे का?

कपाशीवाला: ते यादी २०२५ मधीच बंद झाली न बाप्पा! आयएसएसएन (जर्नलचा ओळख नंबर) घ्या मात्र, आपल्याकडे पैसे लागत नाहीत.

दर्यापूरचा मास्तर: आत्ताच पाह्यलं, सातपैकी तिनात नाव निघालं 😅