देवबागला दगडी बंधारा हवा की वाळू?

भरती_ओहोटी : पावसाळा तोंडावर आला की मालवणजवळच्या देवबागमध्ये धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी होतेच. गावाच्या एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी, तेव्हा भीती खोटी नाही. तरीही सरसकट दगड टाकायला माझा विरोध आहे. आषाढातल्या उंच, लागोपाठ येणाऱ्या लाटा पुळणीची वाळू ओढून नेतात, पण फार लांब नाही. थोडं आत पाण्याखाली तिचा उंचवटा होतो आणि पुढच्या लाटा त्याच्यावर फुटतात. नारळी पौर्णिमेनंतर दर्या निवळला की सावकाश येणाऱ्या लाटा त्यातली बरीच वाळू परत आणून टाकतात. दगडावर आपटलेली लाट मात्र मागे फिरताना पायथ्याची वाळू उपसते, आणि बंधारा जिथे संपतो तिथे शेजाऱ्याची जमीन खाते. पुदुच्चेरीत 1980च्या दशकाच्या अखेरीस बंदराच्या भिंती झाल्या, किनाऱ्याने सरकणारी वाळू अडली आणि शहराची पुळण गेली. वर्षानुवर्षं तिथे नुसते दगड होते.

माडाखाली : शास्त्र मान्य. पण माझ्या मामाच्या घरामागे सात माड होते, मे 2021च्या तौक्ते वादळानंतर चार राहिले. पडलेल्या माडांची मुळं घरातून दिसत होती, विहिरीचं पाणी खारट झालं. मामाने वाळू परत यायची वाट बघत बसायचं का? अरबी समुद्र तापतोय, वादळं वाढतायत. तुमचं आषाढ-श्रावणाचं गणित आजोबांच्या काळातलं आहे.

भरती_ओहोटी : लाट घराच्या जोत्याला लागली असेल तिथे घाला दगड, त्याला माझी ना नाही. पण खाडीतून वाळू उपसायची आणि समुद्राने पुळण भरावी अशी अपेक्षा करायची, हे कसं चालेल? नदीच तर वाळू आणते.

निळंपाणी : प्रवाळाबद्दल कुणीच बोलत नाही. प्रवाळभित्ती लाटेची सरासरी 97 टक्के शक्ती जिरवते. पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानाच्या एखादा अंश वर काही आठवडे राहिलं, की प्रवाळ आपल्या अंगातलं शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरंफटक पडतं. त्याचं बहुतेक अन्न त्या शेवाळाकडूनच येतं. लक्षद्वीपने हे 1998, 2010, 2016 आणि 2024 मध्ये भोगलं. आणि मालवणात किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंगला गेले तेव्हा एक पाहुणा प्रवाळावर पाय रोवून फोटो काढून घेत होता! आधी हे थांबवा.

रापणकर : ताई, पाय ठेवू देऊ नये हे शंभर टक्के बरोबर. पण मालवणचं प्रवाळ तुकड्या-तुकड्यांत आहे, लक्षद्वीपसारखं बेटाभोवती कंकण नाही. तो 97चा आकडा देवबागला लावू नका, लोकांना खोटा धीर मिळेल. इथे ते माशांसाठी जपायचं. माझा बंधाऱ्याला विरोध आहे तो रापणीसाठी, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून होणाऱ्या मासेमारीसाठी. जाळं ओढायला मोकळी पुळण लागते, दगडांत ते फाटतं. वाळू धरायला मर्यादवेल आहे, ती हॉटेलवाले साफसफाई म्हणून उपटतात.

माडाखाली : मर्यादवेल मामाकडे लावतो, पटलं. पण चारातला एक माड यंदा समुद्राकडे वाकलाय. बंधाऱ्याच्या अर्जावर मी सही करणार.