नवीन कंटेनर टर्मिनल: एक किलोमीटर धक्क्यामागे यार्ड, गेट आणि रेल्वे किती धरायची?

आराखडा_कक्ष
नव्या टर्मिनलच्या प्राथमिक आराखड्यावर काम सुरू आहे. सलग धक्का १,००० मीटर, वर्षाला १५ लाख टीईयू (वीस फुटी कंटेनरच्या मापाचे एकक). ट्रान्सशिपमेंट (एका जहाजातून दुसऱ्या जहाजात जाणारा माल) जवळजवळ नाही, म्हणजे सगळा माल जमिनीवरूनच येणार-जाणार. जहाजे ४०० मीटर लांबीपर्यंतची. यार्डाची जागा भरावाची असून खाली १०-१२ मीटर मऊ समुद्री चिकणमाती आहे. रेल्वेचा वाटा ३० टक्के धरला आहे. खोलीकरण आणि धक्क्याचे हिशेब झालेत. मागच्या बाजूचे आकडे मात्र प्रत्येक सल्लागार वेगळे देतो. यार्डाला किती जागा, गेटला किती लेन, रेल्वेचे किती मार्ग? भरावावर फरसबंदी कधी करता येईल? आणि पहिल्या टप्प्यात फक्त रस्ता करून रेल्वे दुसऱ्या टप्प्यात घेतली तर चालेल का?

धक्का_ते_गेट
आकडे वेगळे येतात, कारण प्रत्येकाने कंटेनरचा यार्डातला मुक्काम वेगळा धरलेला असतो. तो आधी पक्का करा.

सरासरी मुक्काम ५ दिवस धरू. १५ लाख × ५ ÷ ३६५ म्हणजे कोणत्याही दिवशी यार्डात साधारण २०,५५० टीईयू. हंगामी गर्दीसाठी १.२५ ने गुणले की २५,७००. आरटीजी (यार्डातली रबरी चाकांची) क्रेन पाच थर रचते, पण पाचही थर भरून यार्ड चालत नाही. खालचा डबा काढायला वरचे हलवावे लागतात आणि त्यासाठी मोकळी जागा लागते. ७० टक्के भरण, म्हणजे प्रत्यक्षात साडेतीन थर धरा. जमिनीवरच्या जागा निघतात सुमारे ७,३५०. आतल्या रस्त्यांसह हेक्टरी २६० जागा बसतात असे धरले तर नुसत्या ब्लॉकना २८ हेक्टर. धक्क्याचा एप्रन (काठालगतची क्रेनच्या कामाची पट्टी), रिकाम्या डब्यांचे यार्ड, वर्कशॉप, कस्टम्स तपासणी, रेल्वे आणि गेट मिळून जवळपास तेवढीच जागा आणखी.

मुक्काम ७ दिवस झाला की याच उलाढालीला १०,२७५ जागा आणि साडेएकोणचाळीस हेक्टर लागतात. समुद्रात भराव घालून साडेअकरा हेक्टर वाढवण्यापेक्षा मोफत साठवणुकीचे दिवस कमी करणे आणि तपासणीची वेळ आटोक्यात आणणे कितीतरी स्वस्त. आराखड्याच्या बैठकांना कस्टम्सचे अधिकारी पहिल्या दिवसापासून हवेत, असा माझा आग्रह असतो तो यासाठीच.

धक्क्याच्या क्रेनही तपासून घ्या. एका डब्याला सरासरी दीड टीईयू धरले तर वर्षाला १० लाख उचल. एक क्रेन वर्षातले ५५ टक्के तास आणि तासाला २५ उचल या दराने १ लाख २० हजारांपर्यंत जाते. म्हणजे नऊ क्रेन. मीटरमागे १,५०० टीईयू हा दर साध्य आहे, पण ढिलाईला वाव ठेवत नाही.

गेटचा हिशेब असा: रेल्वेचे ३० टक्के वजा जाता रस्त्याने ७ लाख डबे, एका फेरीत सरासरी १.३ डबे, वर्षाला ३०० दिवस धरले तर रोज सुमारे १,८०० ट्रेलर. गर्दीच्या दिवशी २,२५०. त्यातले ८ टक्के एकाच तासात आले तर १८०. एका ट्रेलरला दोन मिनिटे धरली तर आत जाणाऱ्या सहा लेन पुरतील असे कागदावर दिसते, पण पूर्ण क्षमतेवर चालणाऱ्या लेनपुढे रांग वाढतच जाते. आठ ठेवा, शिवाय अवजड आकाराच्या मालासाठी एक रुंद लेन. संगणक प्रणाली तासभर बंद पडली तर १८० ट्रेलर × २० मीटर म्हणजे एका लेनमध्ये ३.६ किलोमीटरची रांग. ती सार्वजनिक रस्त्यावर जाऊ द्यायची नसेल तर गेटच्या आधी किमान २०० ट्रेलरचा तळ हवा, चालकांसाठी शौचालय आणि पाण्यासकट. कागदपत्रांत खोट असलेला ट्रेलर लेनमध्ये शिरण्याआधी बाजूला काढता येईल अशी वळणाची जागा विसरू नका. एक अडलेला ट्रेलर अख्खी लेन अडवतो.

मऊ_माती
फरसबंदीबद्दल. १०-१२ मीटर मऊ चिकणमाती नुसत्या भरावाखाली स्थिरावायला अनेक वर्षे घेते. उभ्या निचरा-पट्ट्या (चिकणमातीतले पाणी बाहेर काढणाऱ्या) आणि वर जादा भाराचा ढीग हा त्यावरचा नेहमीचा उपाय. पट्ट्या त्रिकोणी मांडणीत १.२ मीटरवर दिल्या आणि मातीचा आडवा स्थिरीकरण गुणांक (पाणी आडवे निघून माती किती वेगाने स्थिरावते याचे माप) वर्षाला २ चौरस मीटर असेल, तर ९० टक्के स्थिरीकरणाला साधारण सहा महिने, १.५ मीटरवर दिल्या तर दहा. हा गुणांक स्वतःच्या बोअरहोलमधून काढा, शेजारच्या प्रकल्पाच्या अहवालातून उचलू नका. पट्टी ठोकताना भोवतालची माती ढवळली जाते, त्यामुळे प्रत्यक्ष वेळ यापेक्षा जास्तच धरावी.

ढीग काढायचा निर्णय कॅलेंडर बघून होत नाही. सेटलमेंट प्लेटची (माती किती खचली ते दाखवणारी) वाचने आणि छिद्रजल दाबमापी (मातीतल्या पाण्याचा दाब मोजणारे) दोन्ही जुळले पाहिजेत. मीटर-सव्वा मीटर खचणे नवल नाही. ५० हेक्टरवर १.२ मीटर म्हणजे ६ लाख घनमीटर जादा भराव. निविदेत हे प्रमाण नसले की पुढे वाद ठरलेला.

दोन धोके सांगतो. एक, वाळू एकाच टोकाने उंच ओतली तर मऊ माती पुढे ढकलली जाऊन तिची लाट उठते आणि भरावाखाली अडकलेले कप्पे नंतर असमान खचतात. पातळ थरांनी पसरत जा. दुसरा जास्त महागडा: धक्क्याच्या पाइल (जमिनीत खोल जाणारे आधाराचे खांब) आधी ठोकून मग त्यांच्यामागे ढीग रचणे. दबलेली चिकणमाती आडवी सरकते आणि पाइल समुद्राच्या बाजूला वाकवते; शिवाय खचणारी माती पाइलला खाली ओढते, तो भार वेगळाच. आधी माती स्थिरावू द्या, मग पाइल.

डब्यांचा भार सरसकट चौरस मीटरवर पसरलेला धरू नका. ३०.४८ टनांचा डबा चार कोपऱ्यांवर उभा असतो. पाच थर भरलेले, सगळेच डबे एकदम पूर्ण वजनाचे नसतात म्हणून ४० टक्के सूट दिली, तरी एका कोपऱ्यावर सुमारे २२९ किलोन्यूटन येतात. ब्लॉकमध्ये चार डब्यांचे कोपरे एकत्र येतात तिथे ९१४. अशा भरावावर ब्लॉकखाली काँक्रीटचे पेव्हर (फरसबंदीचे सुटे ठोकळे) उत्तम, कारण खचले तर उचलून पुन्हा बसवता येतात. धक्क्याच्या क्रेनचे मात्र दोन्ही रूळ पाइलवरच, जमिनीकडचासुद्धा.

लूप_लाइन
रेल्वे दुसऱ्या टप्प्यात ढकलू नका. निदान तिची जागा, उंची आणि पूल पहिल्याच टप्प्यात करा.

तुमच्या ३० टक्क्यांचे ४.५ लाख टीईयू होतात. सुमारे ७०० मीटरची, एकथरी, ९० टीईयूची गाडी येताना-जाताना ८५ टक्के भरली तर एका फेरीत १५३ टीईयू. वर्षाला ३५० दिवस आणि गर्दीचा गुणक धरून रोज ११ गाड्या येणार, ११ जाणार. एका गाडीवर सुमारे १०० उचल. एका क्रेनने चार तास, वर तपासणी, ब्रेक चाचणी आणि शंटिंगचे दोन. ११ × ६ म्हणजे ६६ मार्ग-तास. मार्ग ६५ टक्केच वापरात राहतात असे धरले तर ४.२, म्हणजे पाच काम करणारे मार्ग, सहावा इंजिन सुटून निघायला. क्रेन दोन पुरणार नाहीत. रोजची अकराशेवर उचल तासाला २५ ने ४५ तास मागते, आणि दुरुस्ती वजा जाता दोन क्रेन ४० तासच देतात. तीन घ्या.

सगळे मार्ग पूर्ण गाडीच्या लांबीचे, सरळ आणि जवळजवळ सपाट असू द्या. अर्ध्या लांबीचे केले तर प्रत्येक गाडी तोडावी लागते आणि वरचा हिशेब कोलमडतो.

आता रस्त्याशी गाठ. १५ किलोमीटर वेगाने ७०० मीटरची गाडी फाटकावरून जायला जवळपास तीन मिनिटे. फाटक लावणे-उघडणे धरून सहा. दिवसाला २२ वेळा म्हणजे दोन तासांहून जास्त वेळ गेटचा रस्ता बंद. पूल हवाच, आणि भरावावर पुलाचे चढ बांधायलाही माती स्थिरावण्याचा तोच काळ लागतो. म्हणूनच ‘नंतर बघू’ म्हटले की चालू टर्मिनलच्या तोंडाशी खोदकाम करावे लागते.

आराखडा_कक्ष
तिन्ही उत्तरांबद्दल आभार. मुक्काम ५ आणि ७ दिवस असे दोन्ही पर्याय मांडतो. धक्क्याच्या क्रेनची मागणी कधी नोंदवावी?

धक्का_ते_गेट
दीड ते दोन वर्षे धरा आणि धक्क्याचा पहिला सलग भाग हाती येण्याच्या तारखेवरून उलटे मोजा. क्रेन बहुधा पूर्ण उभ्या अवस्थेत जहाजावरून येतात. वाटेतले पूल आणि वीजवाहिन्यांची उंची मागणी नोंदवण्याआधी तपासा, तीही भरतीच्या पातळीवरून. धक्क्यावर रूळ, वादळात क्रेन जखडायचे अँकर आणि उच्चदाबाचा वीजपुरवठा तयार नसेल तर उतरवलेली क्रेन नुसती उभी राहते आणि वॉरंटीचे महिने सरत जातात.